धावपट्टीखालचे सांधे

हीथ्रो विमानतळावर टर्मिनल ४ वरून टर्मिनल ५ ला ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, जायचं असेल तर काम सोपं आहे. पिकॅडिली लाईनच्या गाडीत बसायचं, पुढच्याच स्टेशनवर, म्हणजे टर्मिनल २-३ ला उतरायचं आणि ५ कडे जाणारी गाडी घ्यायची. परतीला मात्र हा रस्ता चालत नाही. ५ वरून निघालेली गाडी २-३ ला थांबते खरी, पण तिथून ४ कडे जाणारी ट्यूबच नाही. तसंच पुढे विमानतळाच्या कडेला असलेल्या हॅटन क्रॉसपर्यंत जायचं, तिथे उतरायचं, समोरच्या बाजूची गाडी धरायची आणि पुन्हा विमानतळाच्या पोटात शिरायचं. जाताना दोन स्टेशनं, येताना तीन.

विमानतळाशेजारच्या हाऊन्स्लोत राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांना विमानतळावर सोडण्या-आणण्यातून सुटका नसते. मलाही नव्हती. टर्मिनल ४ ला गाडी थांबली की ती थांबूनच राहते. दारं उघडी, फलाट रिकामा, पाच मिनिटं होतात, सात होतात, आणि पाहुणे घड्याळाकडे बघत विचारतात, "बंद पडली का रे?" बंद पडलेली नसते. ती तिथे वेळ काढत असते, आणि तिने तिथेच वेळ काढावा हे १९८६ साली सुरू झालेला बोगदा खणतानाच ठरल्यासारखं झालं होतं.

पिकॅडिली लाईन हॅटन क्रॉसपर्यंत आली १९ जुलै १९७५ ला. हॅटन क्रॉसच्या जरा अलीकडे गाडी क्षणभर उजेडात येऊन क्रेन नावाची एक छोटी नदी ओलांडते. डोळे मिटून बसलेल्यांना तो पूल कधीच दिसत नाही. त्यापुढे दोन गोल बोगदे विमानतळाच्या मध्यभागी गेले आणि १६ डिसेंबर १९७७ ला राणी एलिझाबेथच्या हस्ते हीथ्रो सेंट्रल स्टेशन सुरू झालं. या लाईनसाठी घेतलेल्या १९७३ च्या बनावटीच्या गाड्यांत दारांजवळ बॅगांसाठी मुद्दाम जास्त जागा ठेवली होती. तेव्हा विमानतळावर टर्मिनलं तीन होती आणि तिन्ही मध्यभागी, दोन धावपट्ट्यांच्या मधे. म्हणजे रेल्वेने सरळ मधोमध यायचं आणि संपायचं. दोन फलाट, अलीकडे दोन्ही रूळ जोडणारा क्रॉसओव्हर, बास.

असं टोकाचं स्टेशन म्हणजे काय ते मुंबईकराला समजावून सांगायला नको. सीएसएमटीला हार्बरची गाडी मशीद सोडून पुढे आली की मधेच उभी राहते, कारण एक आणि दोन नंबर फलाटांवर गाड्या आहेत आणि त्यातली एक सुटल्याशिवाय आपल्याला आत घेणार नाहीत. सुटणारी गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा ती येणाऱ्या गाडीची वाट आडवी कापते. दोन फलाटांच्या टर्मिनसची सगळी मारामारी त्या काही मीटरच्या तुकड्यात असते. कुठल्याही रुळावरून कुठल्याही फलाटावर जाता यावं म्हणून तिथे चार सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ) आणि मधोमध एक चौफुली बसवतात. रेल्वेवाले तिला कैची म्हणतात. जमिनीवर कैची बसवायची म्हणजे खडी, स्लीपर, रूळ आणि आठवड्याच्या शेवटी घेतलेला एक लांबलचक ब्लॉक.

जमिनीखाली हे प्रकरण वेगळं होतं. ट्यूबचा बोगदा जेमतेम पावणेचार मीटर व्यासाचा, आणि प्रत्येक दिशेला स्वतंत्र. दोन बोगद्यांच्या मधे माती. गाडीला इकडून तिकडे जायचं तर ती मधली माती काढून दोन्ही रूळ एका मोठ्या पोकळीत आणावे लागतात. यंत्राने गोल गोल खणत गेलं की अशी पोकळी आपोआप मिळत नाही. ती एकतर वरून खड्डा खणून पेटी बांधून मिळते, नाहीतर आतून टप्प्याटप्प्याने रुंदावत. विमानतळावर पहिला पर्याय बहुतेक ठिकाणी बादच, कारण वर विमानं उभी असतात. म्हणून धावपट्टीखालच्या रेल्वेत सांधा कुठे असेल हे ठरवायचं ते खोदकामाआधी. नंतर रूळ बदलता येतात, सिग्नल बदलता येतात, पाट्या तर कितीही वेळा बदलता येतात. त्या हीथ्रो सेंट्रल स्टेशनचं नाव १९७७ पासून आजवर तीनदा बदललं: आधी टर्मिनल १, २, ३ ची जोड लागली, मग 'सेंट्रल' गेलं, आणि टर्मिनल १ बंद झाल्यावर १ सुद्धा गेला. पोकळी आहे तिथेच आणि आहे तेवढीच आहे.

आता टर्मिनल ४. ते मध्यभागी मावेना म्हणून दक्षिणेच्या धावपट्टीच्याही पलीकडे बांधलं गेलं, आणि नऊ वर्षांपूर्वी जिथे लाईन संपवली होती त्या स्टेशनचा तिथे काही उपयोग नव्हता. फाटा काढावा तर निम्म्या गाड्या इकडे आणि निम्म्या तिकडे. शिवाय दोन टोकाची स्टेशनं, दोन्हीकडे क्रॉसओव्हर, दोन्हीकडे फलाटांची जोडी. त्याऐवजी त्यांनी एकच बोगदा खणला. हॅटन क्रॉसच्या पुढून डावीकडे वळायचं, टर्मिनल ४ च्या एकुलत्या फलाटावर थांबायचं, मग वळसा घेत मध्यवर्ती स्टेशनच्या मागच्या अंगाने आत यायचं आणि लंडनच्या दिशेला तोंड करूनच बाहेर पडायचं. १२ एप्रिल १९८६ पासून नेहमीच्या गाड्या अशाच फिरू लागल्या. देवळात प्रदक्षिणा घालावी तशा, एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या रोखाने.

माझे एक काका मध्य रेल्वेत होते. कल्याणच्या सिग्नल केबिनमध्ये बरीच वर्षं काढलेली, आणि निवृत्तीनंतरही कुठल्याही स्टेशनात गाडी शिरली की त्यांची मान आधी खिडकीकडे वळते, कुठल्या रुळावर घेतली ते बघायला. ते लंडनला आले तेव्हा त्यांना राजवाड्यापेक्षा या वळशात जास्त रस होता. टर्मिनल ४ च्या फलाटावर उतरून त्यांनी दोन्ही टोकं पाहिली आणि म्हणाले, "दुसरा फलाट कुठाय?"

"नाहीये काका."

"मग गाडी उलटी कशी फिरते?"

"फिरतच नाही. पुढेच जाते."

ते जरा वेळ बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "सांधा नाही, तर लफडं नाही," ते म्हणाले.

केबिनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या दृष्टीने हे शंभर टक्के खरं आहे. गाडी उलटी फिरवायची म्हणजे ड्रायव्हरने एका टोकाची केबिन बंद करायची, सुमारे १०७ मीटर लांबीची गाडी चालत ओलांडायची आणि दुसऱ्या टोकाची केबिन उघडायची. तोवर फलाट अडलेला. मग सांधा फिरणार, कुलूपबंद होणार, सिग्नल मिळणार. पावसाळ्यात 'पॉइंट फेल' ही घोषणा ऐकत वाढलेल्यांना त्यातला प्रत्येक टप्पा कसा बिघडू शकतो हे माहीत आहे. वळशात यातलं काहीच नाही. ड्रायव्हर जागचा हलत नाही आणि गाडी कुणाची वाट आडवी कापत नाही. वर तेव्हा प्रत्येक गाडी प्रत्येक टर्मिनलला जायची, म्हणून फलाटावर उभ्या परदेशी माणसाला 'ही माझी गाडी आहे का' हा प्रश्नच पडत नसे.

पण काकांनी एक गोष्ट त्या दिवशी हिशेबात धरली नाही, आणि मीही त्यांचा आनंद घालवला नाही. टोकाच्या स्टेशनवर गाडी उलटते तेव्हा जी पाच-सात मिनिटं जातात ती वाया जात नाहीत. लंडनच्या दुसऱ्या टोकाहून, कॉकफॉस्टर्सहून, उशिरा आलेली गाडी त्या मिनिटांत आपला उशीर भरून काढते आणि परतीला वेळेवर सुटते. वळशाला टोक नाही, म्हणून हा वेळ कुठेतरी मुद्दाम घालावा लागतो. तो घातला टर्मिनल ४ ला. म्हणून ती उघड्या दारांची गाडी. आणि फलाट एकच असल्यामुळे मागची गाडी लवकर आली तर तिला बोगद्यातच उभं राहावं लागतं. आतल्या प्रवाशांना विमान गाठायचं असतं, फलाट पन्नास पावलांवर असतो, आणि मधे लाल सिग्नल.

तरीही १९८६ चा तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तो चुकीचा दिसू लागला २००८ मध्ये. टर्मिनल ५ विमानतळाच्या पश्चिम टोकाला झालं. त्याची सार्वजनिक चौकशी १९९५ ते १९९९ अशी चालली आणि तिच्या सुनावणीचे दिवसच ५२५ भरले. ब्रिटनमधली ती तोवरची सगळ्यात लांब चौकशी होती. मंजुरी मिळाली २००१ च्या नोव्हेंबरात. आता पश्चिमेला जायचं तर मध्यवर्ती स्टेशनातून सरळ पुढे बोगदे न्यायचे, आणि नेमका तिथेच वळशाचा शेवटचा तुकडा येऊन मिळतो. चालू लाईनला नवा बोगदा जोडायला वळसा बंद करण्यावाचून इलाज नव्हता. ७ जानेवारी २००५ पासून १७ सप्टेंबर २००६ पर्यंत टर्मिनल ४ चं ट्यूब स्टेशन बंद राहिलं. वीस महिने प्रवासी हॅटन क्रॉसवरून बसने जात होते. एका सांध्यासाठी वीस महिने! जमिनीवर ज्याला एक रविवार पुरला असता.

२७ मार्च २००८ ला टर्मिनल ५ उघडलं तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी होती ती हरवलेल्या बॅगांची. खाली जे घडलं त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गाड्या आता दोन प्रकारच्या झाल्या, काही वळशाने ४ ला जाणाऱ्या आणि काही सरळ ५ ला. म्हणजे १९८६ मध्ये जे टाळण्यासाठी वळसा घातला होता, ती निम्म्या-निम्म्या गाड्यांची वाटणी बावीस वर्षांनी आलीच. वळशाचा मोठा गुण, प्रत्येक गाडी सगळीकडे, तो गेला. राहिली फक्त एकेरी वाट. सुरुवातीला सांगितलेला तो विक्षिप्त प्रवास त्यातूनच आला.

या सगळ्यात एक दिवस वेगळा काढून ठेवायला हवा. २१ ऑक्टोबर १९९४. हीथ्रो एक्स्प्रेस या जलद रेल्वेसाठी मध्यवर्ती टर्मिनलांखाली स्टेशनचे बोगदे आतून रुंदावत खणणं चालू होतं. पद्धत अशी की थोडं खणायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारून कवच करायचं, माती किती सरकते ते मोजत राहायचं आणि पुढे जायचं. लंडनच्या चिकणमातीत ती नवी होती. त्या रात्री कवच कोसळलं, वर खड्डा पडला आणि एक कार्यालयाची इमारत त्यात खचली. कुणालाही इजा झाली नाही ही केवळ नशिबाची गोष्ट. त्याच पद्धतीचं काम ज्युबिली लाईनच्या विस्तारातही चालू होतं, तेही थांबवावं लागलं. १९९९ मध्ये बाल्फोर बीटी या कंत्राटदाराला १२ लाख पौंडांचा दंड झाला. खचलेल्या जागी सुमारे ६० मीटर व्यासाची गोल विहीर खणून काम पुन्हा उभं केलं गेलं, आणि जून १९९८ मध्ये गाड्या सुरू झाल्या.

मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की भुयारी स्टेशनच्या आराखड्यात क्रॉसओव्हर नाही किंवा फलाट एकच आहे हे पाहून 'काय कंजूषपणा' असं म्हणणं फार सोपं असतं. कागदावर कैची म्हणजे एक फुली. जमिनीखाली ती नेमकी त्या जातीची रुंद पोकळी मागते, जिच्यात इंजिनिअरचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला असतो.

टोकियोला कंपनीच्या कामासाठी काही काळ होतो तेव्हा तिथल्या निशी-कसाई भागातून नारिता विमानतळावर जाणं-येणं व्हायचं. तिथे पोकळीची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. नारिता विमानतळ २० मे १९७८ ला सुरू झाला. त्याच्या टर्मिनलखाली शिनकानसेनसाठी, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी, भलंमोठं स्टेशन आधीच बांधून ठेवलं होतं. फक्त शिनकानसेन आली नाही. टोकियो ते नारिता या सुमारे ६५ किलोमीटरच्या मार्गाचं काम १९७४ मध्ये सुरू झालं, वाटेतल्या रहिवाशांनी आणि शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला, १९८३ मध्ये काम थांबलं आणि पुढे योजनाच गुंडाळली गेली. केइसेई या खासगी कंपनीची गाडी येत होती, पण तिला टर्मिनलखाली जागा नव्हती. तिचं स्टेशन दूर, तिथून बसने टर्मिनलला. आणि टर्मिनलच्या पायाखाली तयार स्टेशन रिकामं.

दहा वर्षं ते तसंच होतं. १९८७-८८ मध्ये शिंतारो इशिहारा परिवहन मंत्री होते. त्यांनी ही रिकामी जागा जेआर (जुन्या सरकारी रेल्वेतून निघालेली कंपनी) आणि केइसेई या दोघांना वापरू द्या असा आग्रह धरला, आणि १९ मार्च १९९१ ला दोघांच्या गाड्या तिथे शिरल्या. वाटणी कशी केली पाहा. शिनकानसेनसाठी बोगदा दुहेरी होता, एक रूळ जायला आणि एक यायला. त्यातला एक जेआरला दिला, एक केइसेईला. म्हणजे बाहेरून पाहिलं तर दुहेरी मार्ग, प्रत्यक्षात शेजारी शेजारी दोन एकेरी मार्ग. आणि कैची टाकून एकाने दुसऱ्याची अडचण भागवावी म्हटलं तर तेही शक्य नाही, कारण जेआरच्या रुळांतलं अंतर १०६७ मिलिमीटर आणि केइसेईचं १४३५. रुंद गाडी अरुंद रुळावर जाणार कशी? दोन्ही कंपन्यांच्या गाड्या बोगद्याच्या अलीकडे समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभ्या राहतात, पलीकडचा रूळ मोकळा असला तरी. नारिता एक्स्प्रेस मधेच कुठेतरी, जिथे ना स्टेशन ना वस्ती, अशा ठिकाणी थांबली की जपानी माणूससुद्धा खिडकीबाहेर बघतो.

केइसेईने २०१० मध्ये नवा जलद मार्ग सुरू केला. त्यावर तिची स्कायलायनर ही जलद गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने धावते आणि टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनहून विमानतळावर ३६ मिनिटांत येते. पण शेवटचा तुकडा तोच, एकेरी. शिवाय जुन्या आणि नव्या मार्गाची भाडी वेगळी, म्हणून शिनकानसेनच्या लांबीच्या फलाटाचे तुकडे पाडून एकाच फलाटाला एकामागे एक दोन गाड्या लावायची युक्ती त्यांनी काढली. लांब फलाट एकाने बांधला, उपयोग दुसऱ्याने केला, आणि तोही पहिल्याच्या कल्पनेत नसलेल्या रीतीने. टोकियो स्टेशनच्या टोकाला शिनकानसेनसाठी राखलेली भुयारी जागाही वाया गेली नाही. तिथे १९९० मध्ये केइयो लाईन आली. डिस्नेलँडला निघालेली पोरं टोकियो स्टेशनात चालून चालून रडकुंडीला येतात, त्यामागेही ती न झालेली नारिता शिनकानसेनच आहे.

आमच्याकडे मुंबईत विमानतळाच्या टर्मिनल २ खाली मेट्रो ३ आली तेव्हा मी हेच आधी पाहिलं. ही ३३.५ किलोमीटरची लाईन विमानतळाजवळ संपत नाही. टर्मिनल १, सहार रोड, टर्मिनल २ अशी खालून जाते आणि आरेपर्यंत पुढे चालू राहते. विमानतळ हे वाटेवरचं स्टेशन असलं की वळसा, टोक, थांबून राहणं ही भानगडच उरत नाही. गाडी थांबते, बॅगा उतरतात, गाडी जाते. झुरिचला १९८० पासून विमानतळाखाली असंच आहे, आणि तिथून देशभराच्या गाड्या जातात. मेट्रो ३ तुकड्यांत उघडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीपर्यंत, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. प्रत्येक तात्पुरत्या टोकाला गाड्या उलटवाव्या लागल्या, म्हणजे तिथे जवळपास क्रॉसओव्हर आधीच खणून ठेवलेले होते. त्या पोकळ्यांचं उद्घाटन कुणी केलं नाही, पण त्या नसत्या तर पहिली दोन उद्घाटनंही झाली नसती.

आता टर्मिनल २ ते नवी मुंबई विमानतळ अशी मेट्रो ८ प्रस्तावित आहे, आणि तिचा मुंबईकडचा भाग भुयारी असणार आहे. म्हणजे टर्मिनल २ खाली एक टोकाचं स्टेशन येईल. बातम्यांत चर्चा असते ती खर्चाची आणि दोन विमानतळांमधे किती मिनिटं लागतील याची. मला विचारायचं आहे ते फलाटांपुढे बोगदा किती लांब नेणार. गाडी फलाट रिकामा करून पुढे जाऊन उलटली तर येणाऱ्या गाडीची वाट अडत नाही, आणि उद्या लाईन पुढे न्यायची वेळ आली तर सुरुवात हाताशी असते. हीथ्रोच्या टर्मिनल ५ खाली असे दोन फलाट पश्चिमेकडच्या रेल्वेसाठी २००८ पासून बांधून ठेवलेत. ती रेल्वे अजून आलेली नाही, पण नारिता पाहिल्यापासून मला त्या दोन फलाटांची काळजी वाटत नाही.

काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, टर्मिनल २ ला सरळ वळसा घाला आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, काका, वळसा घातला आणि पुढे टर्मिनल ३ झालं तर? ते म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा. आधी रोजची गाडी वेळेवर आण."